चोथ्यात बदाम होते ना!

किस्से कसे साचतात माहितीये? गाळायच्या फडक्यात चोथा साचतो तसे. पिणारे रस पितात, मिशा पुसतात आणि घरी जातात. ज्याच्या हातात फडकं, चोथा त्याच्याच गळ्यात! आमच्या गल्लीत वीसेक वर्षं ते फडकं माझ्या हातात होतं. म्हणून चोथाही माझ्याकडं आणि किस्सेही माझ्याकडंच.

मला अक्षर येत नाही. पण कुणी काय केलं, कधी केलं आणि तेव्हा अंगावर कुठलं लुगडं होतं, हे सगळं डोक्यात पक्कं आहे. विसरायचा प्रयत्न पुष्कळ केला. लोक विसरू देतील तर ना!

तर आमची गल्ली पंचवटीतली. टोकाला महादेवाचं लहानसं देऊळ. महाशिवरात्रीला तिथं थंडाई होते, भांगेची. भांग आणायची पुरुषांनी. ती निवडायची, भिजवायची, धुवायची, बदाम-मगज-खसखस-बडीशेप घालून पाट्यावर वाटायची, दुधात कालवून गाळायची, हा मान आमच्या घराचा. सासूबाईंच्या सासूपासून चालत आलेला. माझ्याकडं शाळा नाही, माहेरचं सोनं नाही. सुनेच्या हातात द्यावा असा हा एकच मान.

नियम दोनच. वाटणारीनं प्यायची नाही, हा पहिला. आणि चोथा कुणाच्या पोटात जाऊ द्यायचा नाही, हा दुसरा. सासूबाई म्हणायच्या, "पहिला रस देवाचा, चोथा भुताचा." गाळलं म्हणजे दम गेला असं लोकांना वाटतं. कसला जातोय! निम्मा दम चोथ्यात दबा धरून बसलेला असतो.

पहिला नियम मी पाळला. आयुष्यात एक घोट घेतला नाही. दुसरा मात्र गल्लीनं मला पाळू दिला नाही. कारण काय, तर चोथ्यात बदाम! मी चांदवडकडची. आमच्याकडं कांद्याची वाळकी पातसुद्धा कुणी उगाच टाकत नाही. काटकसर मला शिकवू नका. पण काटकसरीलाही काही डोकं असतं की नाही?

*

पहिला घोळ घरातूनच झाला. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या आणि वाटण पहिल्यांदा माझ्या एकटीवर आलं होतं. चोथा पातेल्यात ठेवून मी पाटा धुवायला गेले. आले तर पातेलं लख्ख घासून पालथं घातलेलं!

धाकटी जाऊ, शकू. स्वभावानं गोड, हातानं चिकट. मी विचारलं, "शकू, चोथा कुठं गं?"

"टाकला, अक्का."

टाकला होता खरा. साखरेच्या पाकात! वेलदोडा घालून, वर चारोळी लावून, हिरव्यागार वड्या थापल्या होत्या बाईनं. आणि तिसऱ्या दिवशी तिच्या मोठ्या मुलीला बघायला पाहुणे आले.

हे स्थळ अप्पांनी आणलेलं. अप्पा म्हणजे आमच्या देवळाच्या मंडळाचे अध्यक्ष. सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, पण कचेरी काही त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. हसताना त्यांना कुणी बघितलेलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही ते ताकीद देत असल्यासारखे उभे आहेत.

मुलाचे वडील आले तेच कपाळाला आठी घालून. अमुक पाहिजे, तमुक पाहिजे. शकूनं पोहे दिले, वर दोन-दोन वड्या दिल्या. मागून चहा. चहानंतर गप्पा लांबल्या. तासाभरानं गृहस्थांची आठी सुटली. दीड तासानं ते गालिच्यावर मांडी घालून बसले. "आम्हाला काही नको हो! काही म्हणजे काही नको!" आणि अंगातलं नवंकोरं लोकरी जाकीट काढून त्यांनी माझ्या दिराला घातलं. "व्याही, तुम्हाला थंडी वाजत असेल!"

घरात आनंदीआनंद! शकू डोळे पुसतेय. मी मात्र बशीतली उरलेली वडी उचलली, नाकाशी नेली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ परत आले. जाकीट न्यायला! मुलगी पसंत केल्याचं त्यांना काही आठवत नव्हतं.

अप्पांनी मीटिंग बोलावली. मंडळाचे चिटणीस बाबूराव मोठे इमानी. अप्पा जे बोलतील ते अक्षर न् अक्षर वहीत उतरवायचे, खोकले तर खोकला लिहायचे. आणि वहीत चढलेला ठराव कुणी खोडायचा नाही, हा अप्पांचा स्वतःचा नियम. अप्पांनी सांगितलं, "लिहा. पहिली ताकीद. अशा तीन ताकिदी झाल्या की वाटणाचा मान काढून घेण्यात येईल आणि तयार सरबताची बाटली आणण्यात येईल."

बाटली! सासूबाईंच्या सासूच्या पाट्यासमोर बाटली!

मी शकूला धारेवर धरलं. "तुला माहीत नव्हतं त्यात काय आहे ते?"

तर म्हणते कशी, "अक्का, बदाम होते ना त्यात!"

*

पूर्वी सासूबाई चोथा गोदामाईत सोडायच्या. पुढं घाटावर पाट्या लागल्या, नदीत काही टाकू नका. ठीक आहे, बरोबर आहे. पण मग टाकायचा कुठं? विचार करत मी ओट्यावर बसले होते, तेवढ्यात आमचा गवळी निवृत्ती आला.

"मावशी, द्या ना मला. म्हशीच्या आंबोणात घालतो. बदाम हायेत म्हणल्यावर दूध कसलं घट्ट येईल!"

मी म्हणाले, "अरे मेल्या, त्यात भांग आहे!"

"म्हशीला काय चढतंय! एवढं मोठं जनावर हाय."

मी नाही म्हणाले आणि देवळात गेले. परत येईस्तोवर चोथा गेला होता. म्हशीच्या पोटात!

दुपारी गल्लीच्या तोंडाशी ही गर्दी! म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी. समोरच्या भिंतीवर ढेपेची जाहिरात रंगवलेली होती, तिच्याकडं एकटक बघत. इकडून रिक्षा अडकलेल्या, तिकडून टेम्पो अडकलेला, हॉर्नवर हॉर्न. म्हैस ढिम्म. निवृत्ती शेपूट ओढून, पाठ थोपटून, हातापाया पडून घामाघूम झाला होता.

मला बघून तो रडकुंडीला आला. "मावशी, हिला रागच येत नाय वो! काठी उगारली तर माझ्याकडं मायेनं बघती! सात वर्षांत कधी असं बघितली नाय!"

तीन तासांनी ती आपल्या मनानं हलली आणि शांतपणे दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसली.

मी निवृत्तीला बजावलं, दोन दिवसांचं दूध मोरीत ओत. एका थेंबाचा रतीब घातलास तर गाठ माझ्याशी आहे. आणि अप्पांच्या कानावर गेलं तर दुसरी ताकीद बसेल, तोंड बंद ठेव. तो म्हणाला, "देवाशप्पत मावशी, रतीब नाय घालत."

रतीब नाही घातला. सासऱ्याला पाजलं! आठवड्यानं मलाच आनंदानं सांगतोय, "मावशी, म्हातारा पहिल्यांदाच मला नावं न ठेवता जेवला!"

*

म्हटलं, आता माणूस नको, जनावर नको. मातीत घालू. माती काही बोलत नाही.

वत्सला माळीण आमच्या देवळाला हार द्यायची. मखमलाबादच्या रस्त्याला तिचा झेंडूचा तुकडा होता. ती म्हणाली, "मला द्या की वहिनी. खत व्हईल. कोण खातंय मातीतलं?" मलाही पटलं. चोथा दिला, आणि निवडताना निघालेल्या काड्या, बियासुद्धा त्याच पुडक्यात बांधून दिल्या. इथं माझं चुकलं. कबूल करते. बिया द्यायला नको होत्या.

पाऊस झाला. झेंडूच्या वाफ्यात मधेमधे काहीतरी निराळंच उगवलं. उंच, हिरवं, हाताच्या बोटांसारखी पानं, कडेला कातरलेली. वत्सलाला वाटलं, शोभेचं झाड आपोआप रुजलं, देवाची कृपा! तिनं त्याला पाणी घातलं, माती चढवली. गणपती आले तेव्हा पानं भरघोस झाली होती. हारात फुलं कमी आणि पाला जास्त घातला की हार भरदार दिसतो, हे सगळ्याच माळणींना माहीत असतं.

त्या वर्षी आमच्या भागात नवे पोलीस इन्स्पेक्टर आले होते. गणपतीच्या आधी मंडळांची मीटिंग भरली. अप्पा पुढं. "आमच्या भागातर्फे साहेबांचा सत्कार!" वत्सलाचा सगळ्यात मोठा हार आणलेला. झेंडू, शेवंती आणि मधेमधे हिरवीगार पानं. अप्पांनी तो स्वतःच्या हातानं साहेबांच्या गळ्यात घातला. टाळ्या!

साहेबांच्या मागं एक जुने हवालदार उभे होते. पांढऱ्या मिशा, पेन्शनीला आलेले. ते हाराकडं बघायला लागले. जवळ आले. एक पान बोटांत धरून चुरलं, वास घेतला आणि घाबरून साहेबांच्या कानात बोलले, पण माइक चालू राहिला होता.

"साहेब, हार काढा."

"का?"

"साहेब, तो हार नाही. मुद्देमाल आहे!"

सगळ्या मांडवानं ऐकलं. साहेब मात्र भला माणूस. हार हळूच उतरवला, एकेक पान बघितलं आणि हवालदारांना म्हणाले, "पंचनाम्यात लिहिणार काय? माल कुठं सापडला? माझ्या गळ्यात?"

वत्सलाची झाडं त्यांनी समोर उभं राहून उपटून जाळायला लावली आणि तिला समज देऊन सोडलं. ती रडत माझ्याकडं आली. मी चिडले होते, तरी पाणी दिलं.

अप्पा मात्र माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. बोलले तेव्हा दोनच शब्द. "दुसरी ताकीद."

*

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी चोथा घरातच डांबून ठेवला. गच्चीवर वाळवायचा, कडकडीत झाला की चुलीत थोडा थोडा जाळायचा, दारं-खिडक्या उघड्या टाकून, नाकाला पदर लावून.

आमच्या ह्यांना मी सांगितलं होतं, गच्चीवरच्या सुपाला हात लावायचा नाही. पण नवऱ्याला 'हात लावू नका' म्हणणं म्हणजे आमंत्रणच!

आमच्या देवळात दर सोमवारी संध्याकाळी भजन. नदी जवळ, त्यामुळं डास हे एवढाले. लोक टाळ्या तालाला वाजवतात की डासाला, कळायचं नाही. ह्यांना वाटलं, आपण काहीतरी समाजकार्य करावं. ह्यांनी गोवऱ्यांचा धूप केला, त्यात लोबान, कडुनिंबाचा पाला आणि सुपातलं सगळं.

मी उशिरा पोहोचले. बघते तर गाभाऱ्याबाहेर तीन मडकी धुमसतायत, मंडपात ढग, आणि एकच ध्रुपद चाललेलं. पहिलं कडवंच येईना! ध्रुपद, पुन्हा ध्रुपद, पुन्हा ध्रुपद. तबलजी डोळे मिटून मांडी वाजवत होता, तबला शेजारी तसाच. अप्पांच्या मंडळी, मालतीवहिनी, एरवी मान वर करून न बघणाऱ्या, नवऱ्याच्या पाठीवर ठेका धरून बसलेल्या. आणि अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

मी ह्यांना खांबाआड ओढलं. "कसली धुणी पेटवलीत?"

"डासांसाठी गं. वास बघ काय छान येतोय. बदाम होते ना त्यात!"

"डास गेले का?"

ह्यांनी नीट विचार केला. "डास गेले नाहीत. पण डासांवरचा राग गेला."

मी एकटीनं तिन्ही मडकी बाहेर नेऊन पाणी ओतलं. जाताना अप्पांनी मला थांबवलं. मला वाटलं, झालं! तिसरी ताकीद! तर नाक शिंकरून म्हणाले, "वहिनी, तीस वर्षं भजन करतोय. देव एवढा जवळ कधी आला नव्हता. दर सोमवारी असं झालं पाहिजे."

मी "बरं," म्हणाले.

*

तिसरी ताकीद पुन्हा शकूनंच आणली. मधे मुलाचं लग्न होऊन ज्योती घरात आली होती. बी.कॉम. झालेली, पण मिक्सरला हात न लावता पाट्यावर बसायला तयार. पहिल्याच वर्षी म्हणाली, "आई, मला शिकवा." तिला वरवंटा कसा धरायचा, कुठल्या टप्प्याला पाण्याचा हात लावायचा, सगळं दाखवत होते. पुढच्या वर्षी तिच्या हातात मान द्यायचा, हे मनाशी ठरवलं होतं.

त्या शिवरात्रीला माझे हात भरून आले. शकूला म्हणाले, "परसात खड्डा खणून घे आणि चोथा पूर. सगळा!" ती मानेनं हो म्हणाली.

शकूचे गुडघे तेव्हा फार दुखायचे. तिनं निम्मा पुरला, निम्मा राखला. राखलेला तिळाच्या तेलात परतून गुडघ्याला लेप करायचा, असं तिला कुणी तरी सांगितलेलं. लेपच केला असता तर मी काही बोलले नसते. पण शकूचं म्हणणं, औषध आतून-बाहेरून दोन्हीकडून घ्यावं. म्हणून लेपातला निम्मा गुळाबरोबर!

दुपारी मी तिच्या घरी गेले. खाटेवर पाय पसरून, गुडघ्यांना फडकी बांधून, त्यांच्याकडं कौतुकानं बघत बसलेली.

"काय गं, दुखतात का?"

"दुखतायत अक्का. चांगलेच दुखतायत. पण ते माझे नाहीत."

"म्हणजे?"

"दुसऱ्या कुणाचे तरी आलेत. ज्याचे असतील त्याला परत द्यायला पाहिजेत."

मी लिंबू आणायला आत गेले तेवढ्यात ही बाई उठून चालायला लागली! दहा वर्षं जिना उतरायला दोन माणसं लागायची, ती तरातरा गल्ली ओलांडून गेली. मी मागून हाका मारतेय, "शकू! अगं शकू!" ती थेट अप्पांच्या दारात. अप्पा पेपर वाचत होते.

शकूनं लुगडं जरासं वर धरलं आणि अदबीनं विचारलं, "अप्पा, हे गुडघे तुमचे का?"

*

तिसरी ताकीद तिथल्या तिथं झाली. पण नियम लेखी. मान काढायचा तर मीटिंगमध्ये ठराव पाहिजे, आणि अप्पांना नियम प्यारे. ते म्हणाले, "पुढच्या शिवरात्रीला थंडाई तुम्ही कराल. ती शेवटची. दुसऱ्या दिवशी चार वाजता ठराव. आणि त्या वर्षीचा चोथा मी स्वतः ताब्यात घेईन. बघतो कसा कुणाच्या पोटात जातो!"

वर्ष गेलं. शिवरात्रीला दोघी पाट्याला बसलो. ती वाटतेय, मी पाणी शिंपडतेय. म्हणाली, "आई, मी एकदाच वाटलं असं होणार का?" मी पाट्यावर आणखी पाणी शिंपडलं.

संध्याकाळी गाळून झालं. अप्पा समोर उभेच. हाताला लागला तो स्टीलचा डबा घेतला, चोथा त्यात दाबून भरला, झाकण लावलं आणि त्यांच्या हातात दिला. अप्पा डबा छातीशी धरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या प्लॉटवर जाऊन कमरेएवढा खड्डा खणणार होते.

आता दोन गोष्टी. एक, आमच्याकडं भांड्यावर नाव घालून घ्यायची रीत. त्या डब्यावर माझं नाव कोरलेलं होतं, 'सौ. इंदुमती'. गल्लीत डबे इकडून तिकडं फिरतच असतात. नाव बघायचं, कुणाकडून आलंय ते ओळखायचं, आणि परत देताना डबा रिकामा द्यायचा नाही. दुसरी, अप्पा जगाला ताकीद द्यायचे, पण घरात कधी काही सांगायचे नाहीत. डबा ओट्यावर ठेवला आणि सकाळी अभिषेकाला निघून गेले.

मालतीवहिनींनी डबा बघितला. माझं नाव बघितलं. दरवर्षी उपास सोडायला मी त्यांच्याकडं काही ना काही धाडायचेच. झाकण उघडलं तर हिरवंगार वाटण, बदामाचा वास. त्यांनी कणीक घेतली.

दुपारी अडीच वाजता माझा डबा परत आला. रीतीप्रमाणे, रिकामा नव्हे. चार टम्म फुगलेल्या हिरव्या पुऱ्या!

मी एक पुरी मोडली. वास घेतला. वीस वर्षांचं नाक आहे माझं. ज्योतीला म्हणाले, "चुलीवर पाणी ठेव, लिंबं काप, मी आले," आणि अनवाणी पळत सुटले.

अप्पांचं जेवण झालेलं. मालतीवहिनी अजून बसायच्या होत्या. त्यांना स्वयंपाकघरात ओढून सांगितलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! अकरा खाल्ल्या त्यांनी! चवीला छान लागतात म्हणाले. बदाम होते ना त्यात, म्हणून मीच आग्रह केला!"

एक क्षण मनात आलं, गप्प राहावं. पण माणूस म्हातारा. मी बाहेर गेले. "अप्पा, आज मीटिंगला जाऊ नका. पडून राहा."

अप्पा टोपी झटकत होते. "का? मान जाणार म्हणून?"

"मान जाऊ दे खड्ड्यात! तुम्ही खाल्लेल्या पुऱ्यांत चोथा होता."

अप्पांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की आता फाशीच. "वहिनी, चोथा माझ्या ताब्यात आहे!"

मालतीवहिनी दारातून डबा कुठला, काय सांगायला लागल्या. त्यांनाही गप्प केलं. "तू मधे बोलू नकोस." टोपी घातली आणि गेले.

चार वाजता सभामंडप भरलेला. मी आणि ज्योती खांबाशी. लिंबू-पाण्याचा तांब्या मी पदराखाली धरलेला. बाबूरावांनी वही उघडली. अप्पा उठले, सगळ्यांकडं बघितलं, मग वर पंख्याकडं बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. मग, आमच्या गल्लीत कुणी कधी बघितलं नव्हतं ते झालं. अप्पा हसले. सगळे दात दाखवून.

त्यांना काही झालं नाही. मालतीवहिनींनी आणि मी घरी नेऊन निजवलं, रात्रभर आळीपाळीनं बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले आणि भाकरी मागितली. वही मागितली ती त्यानंतर. वाचली, मिटली, पण खोडलं नाही. नियम त्यांचाच होता.

तेव्हापासून वरवंटा ज्योतीच्या हातात आहे. मला वाचता येत नाही, पण ते एक पान तोंडपाठ आहे, कारण दर शिवरात्रीला वाटायला बसण्याआधी ती मला वाचून दाखवते. बाबूरावांचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणे.

"ठराव पहिला. तयार सरबताची बाटली आणावी की कसे, यावर अध्यक्ष विचार करीत आहेत. अध्यक्ष विचार करीत आहेत. अध्यक्ष अजून विचार करीत आहेत.

ठराव दुसरा. पहिला ठराव काय होता, ते कोणीतरी अध्यक्षांना सांगावे.

ठराव तिसरा. पंखा इतकी वर्षे फिरतो आहे, त्याला कोणी बस म्हटले नाही. त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा.

ठराव चौथा. वाटणाचा मान इंदुमतीवहिनींच्या घरी आहे तो पिढ्यान् पिढ्या तिथेच राहावा. सूचक, अध्यक्ष. अनुमोदक, अध्यक्ष. अध्यक्ष हसले. अध्यक्ष पुन्हा हसले.

ठराव पाचवा. अध्यक्षांच्या घरी सहा-सात पुऱ्या उरल्या आहेत. त्या कोणीही टाकू नयेत. त्यात बदाम आहेत."